बाल न्याय मंडळाची 'गोपनीय' फाइल: बचावाच्या वकिलाला काय मिळतं, काय नाही

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या वकिलाने बाल न्याय मंडळापुढे (18 वर्षांखालच्या अशा मुलांची प्रकरणं तिथे चालतात) नकलेचा अर्ज दिला आणि तो 'गोपनीय' या एका शब्दावर परत आला, तर त्यामागे बहुतेक वेळा बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 99 असतं. जेमतेम दोन पोटकलमांचं हे कलम. पण किती वकील, कारकून आणि कधीकधी मंडळाचे सदस्यही ते पूर्ण न वाचता उद्धृत करतात, याला हिशेब नाही.

कलम 99 (1) सांगतं की मुलासंबंधीचे जे अहवाल मंडळाने किंवा बाल कल्याण समितीने विचारात घेतले, ते गोपनीय मानायचे. त्याच पोटकलमाचं परंतुक (कलमाला जोडलेली 'परंतु'ची तरतूद) पुढे म्हणतं की मंडळाला योग्य वाटल्यास त्या अहवालाचा सारांश मुलाला किंवा पालकांना कळवता येईल, आणि अहवालातल्या मजकुरावर पुरावा द्यायची संधीही देता येईल. इथे शब्द 'अहवाल' असा आहे. 'फाइल' नाही, 'रेकॉर्ड' नाही, 'सगळी कागदपत्रं' तर नाहीतच. या एका शब्दावर अर्धी लढाई जिंकता येते.

मंडळापुढच्या फाइलमध्ये साधारण तीन थरांचे कागद असतात. पहिला पोलिसांचा: फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय कागद, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. (मुलाच्या बाबतीत एफआयआर प्रत्येक वेळी नसतो. या अधिनियमाखालच्या केंद्राच्या आदर्श नियम 2016 मधल्या नियम 8 प्रमाणे गुन्हा घृणास्पद प्रकारचा असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल तरच एफआयआर. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि सोबत नमुना 1 मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल.) दुसरा थर मंडळाचा स्वतःचा: रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), जामिनावरचे आणि इतर आदेश, मंडळापुढे झालेल्या साक्षी. तिसरा थर अहवालांचा: परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) नमुना 6 मधला सामाजिक तपासणी अहवाल, मानसशास्त्रज्ञाचं मूल्यांकन, निरीक्षणगृहाच्या (प्रकरण चालू असताना मुलाला जिथे ठेवतात त्या जागेच्या) अधीक्षकांचा वर्तणूक अहवाल.

कलम 99 लागतं ते या तिसऱ्या थराला. पहिल्या दोन थरांतले कागद मुलाच्या वकिलाला नाकारायला ते कलम पुरत नाही. म्हणून 'संपूर्ण प्रकरणाच्या नकला मिळाव्यात' असा मोघम अर्ज करू नये. मोघम अर्जातल्या एका गोपनीय कागदामुळे बाकीचे वीस साधे कागदही अडकतात. प्रत्येक थराचा अर्ज वेगळा करावा, म्हणजे एक नामंजूर झाला तरी दुसरा चालू राहतो.

हे सगळं सर्वांत जास्त महत्त्वाचं ठरतं ते 16 ते 18 वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असताना. घृणास्पद म्हणजे ज्याला कायद्याने किमान 7 वर्षांची किंवा त्याहून जास्त शिक्षा ठेवली आहे असा गुन्हा. अशा प्रकरणात कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं. गुन्हा करायची मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता किती, परिणाम समजण्याची कुवत किती आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे मंडळ पाहतं आणि त्यावरून मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी त्याला बाल न्यायालयाकडे (मंडळाहून वेगळ्या, सत्र न्यायालयाच्या पातळीवरच्या कोर्टाकडे) पाठवायचं की नाही ते ठरवतं. यासाठी पहिल्या हजेरीपासून 3 महिन्यांची मुदत आहे. ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असं सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितलं. पण मुलगा निरीक्षणगृहात असताना लांबलेली तारीख कोणाच्या पथ्यावर पडते, हे उघड आहे.

या टप्प्यासाठी आदर्श नियमांतला नियम 10 (5) वकिलाच्या हातात असायलाच हवा. तो स्पष्ट आहे: बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने साक्षीदारांचे जबाब आणि तपासात तयार झालेली कागदपत्रं पहिल्या हजेरीपासून एका महिन्यात मंडळापुढे ठेवायची, आणि त्यांची प्रत मुलाला किंवा पालकांनाही द्यायची. इथे 'योग्य वाटल्यास' असे शब्द नाहीत. महिना उलटला आणि प्रत आली नाही, तर तारखेसह अर्ज देऊन ती बाब रोजनाम्यावर आणावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही, आणि पुढे अपिलात रोजनामाच बोलतो. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम 2018 चे आहेत. अर्जात केंद्राच्या आदर्श नियमाचा क्रमांक टाकण्याआधी राज्याच्या नियमांतला क्रमांक पडताळून घ्यावा. चुकीच्या क्रमांकावरून अर्ज फेटाळला गेला तर दोष वकिलाचाच.

आता तिसरा थर, म्हणजे अहवाल. यावर देशात सर्वांत जास्त उद्धृत होणारं प्रकरण गुरुग्रामच्या एका शाळेतलं. सप्टेंबर 2017 मध्ये दुसरीतल्या मुलाचा खून झाला आणि त्याच शाळेतला अकरावीतला विद्यार्थी आरोपी ठरला. कोर्टाच्या कागदांत त्याला 'भोलू' हे टोपणनाव दिलं आहे. डिसेंबर 2017 मध्ये मंडळाने त्याला प्रौढ म्हणून चालवावं असा आदेश दिला. त्याआधी बचावाने सामाजिक तपासणी अहवाल आणि मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाच्या प्रती मागितल्या होत्या. गोपनीयतेचं कारण देऊन त्या नाकारल्या गेल्या आणि सुनावणीपूर्वी थोडा वेळ वाचायला मिळाल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने मूल्यांकनासाठी परत पाठवलं. प्रती आणि पुरेशी संधी न मिळणं हे त्यामागचं एक मोठं कारण. 13 जुलै 2022 रोजी सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निर्णय कायम ठेवला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट ठरली: मंडळातल्या सदस्यांकडे बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक राहत नाही, ती घ्यावीच लागते.

थोडक्यात, ज्या अहवालाच्या जोरावर मुलगा प्रौढ ठरणार, तोच त्याच्या वकिलाला हाती न देता सुनावणी घेतली तर ती वरच्या कोर्टात टिकणं अवघड. गोपनीयता मुलाला बाहेरच्या जगापासून जपण्यासाठी ठेवली आहे. तीच मुलाच्या बचावाच्या आड उभी केली, तर अधिनियमाच्या कलम 3 मधल्या सोळाव्या तत्त्वाचा भंग होतो. त्यात निष्पक्ष सुनावणीचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. अर्जात कलम 99 च्या परंतुकाबरोबर हे तत्त्वही जोडावं. मजकूर साधारण असा ठेवता येतो:

"बालकातर्फे विनंती की, कलम 15 खालील प्राथमिक मूल्यांकनाकरिता मा. मंडळापुढे आलेला सामाजिक तपासणी अहवाल व मानसशास्त्रीय मूल्यांकन अहवाल यांची प्रत बालकाच्या वकिलास मिळावी, त्यावर लेखी म्हणणे व पुरावा देण्यास किमान 7 दिवसांची मुदत मिळावी, तसेच अहवाल देणाऱ्या तज्ज्ञास प्रश्न विचारण्याची संधी मिळावी. सदर प्रत केवळ या प्रकरणाच्या बचावासाठी वापरली जाईल व अन्य कोणासही दिली जाणार नाही, अशी हमी अर्जदाराचे वकील देत आहेत. प्रत देणे शक्य नसल्यास अहवालाची पाहणी करून टिपणे घेण्याची परवानगी मिळावी व नकाराची कारणे लेखी नोंदवावीत."

शेवटचं वाक्य गाळू नका. कारणं लेखी नोंदवा म्हटल्यावर नुसतं तोंडी 'नाही' म्हणणं कठीण होतं, आणि नकार लेखी आला तर अपिलाला आधार मिळतो. मूल्यांकनाच्या आदेशाविरुद्ध कलम 101 (2) खाली अपील करता येतं. तिथे वरच्या कोर्टाला नवे मानसशास्त्रज्ञ घेता येतात; मंडळाला ज्यांनी मदत केली त्यांना पुन्हा घेता येत नाही. अपिलाची मुदत 30 दिवसांची धरून चालावं. नियम 10-अ प्रमाणे मुलाला पाठवण्याचा आदेश कारणांसह असावा लागतो आणि त्याची प्रत ताबडतोब मुलाला द्यावी लागते. ती मिळाल्याची तारीख आदेशाच्या पाठीवर लिहून ठेवावी.

अहवाल हातात आल्यावर काय पाहायचं? परिविक्षा अधिकाऱ्याला दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि एका अधिकाऱ्याकडे प्रकरणं भरपूर असतात. त्यामुळे त्रुटी ठरावीक जागी सापडतात. घरभेट खरंच झाली का, की आईशी फोनवर बोलून रकाने भरले? शेजाऱ्यांचं मत लिहिलंय तर कोणत्या शेजाऱ्याचं? शाळा सुटल्याचं कारण 'अभ्यासात रस नाही' असं आहे, पण शाळेच्या दाखल्यावर फी थकल्याची नोंद आहे का? 'वाईट संगत' हा शब्द तर इतक्या अहवालांत येतो की तो छापील वाटावा. या दोन शब्दांवर कलम 12 खालचा जामीन नाकारला जाऊ शकतो, कारण त्या कलमात ज्ञात गुन्हेगारांची संगत हे नकाराचं एक कारण आहे. वकिलाने विचारावं: गुन्हेगार कोण, नाव काय, त्याच्यावर कोणता गुन्हा? उत्तर नसेल तर त्या ओळीला वजन उरत नाही.

मानसशास्त्रीय अहवालात वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. चाचणी कोणती घेतली, कोणत्या भाषेत, आणि मुलाला ती भाषा येते का? घरी भिल्ली किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी प्रश्नावली दुभाष्याशिवाय दिली असेल तर बुद्ध्यंकाचा आकडा कशाचा आहे हा प्रश्न उरतो. किती वेळ भेट झाली आणि किती दिवसांनी? गुन्ह्याच्या चार महिन्यांनंतरची मुलाखत गुन्ह्याच्या दिवशीची मनःस्थिती कशी सांगणार? आणि अहवालात 'बालकाने गुन्हा कबूल केला' अशी ओळ असेल तर तिला तिथेच हरकत घ्यावी. नियम 10-अ सांगतो की मूल्यांकनाच्या वेळी मुलाला निर्दोष धरायचं. मूल्यांकन म्हणजे खटला नाही, असं कलम 15 च्या स्पष्टीकरणातही आहे.

एक अडचण कोणी फारशी बोलत नाही. वकीलपत्रावर सही बापाची, फी बापाची, पण अशील मूल असतं. सामाजिक तपासणी अहवालात मुलाने सांगितलेलं असतं की बाप दारू पिऊन मारतो, किंवा काकाच्या घरी काय घडलं. तो अहवाल पालकांच्या हाती पडला तर मुलाचं घरी परतणं धोक्याचं होऊ शकतं. कलम 99 च्या परंतुकात मूल आणि पालक हे दोघं 'किंवा'ने जोडले आहेत. म्हणून प्रत वकिलालाच द्यावी, पालकांना नको, अशी स्पष्ट विनंती जिथे गरज असेल तिथे करावी. पालकांचा राग येईल. येऊ द्यावा.

आता मुलाबरोबरच्या प्रौढ सहआरोपीचा वकील पाहू. एकाच गुन्ह्यात 17 वर्षांचा मुलगा आणि 24 वर्षांचा माणूस असे दोघं आरोपी असतील, तर कलम 23 प्रमाणे दोघांचा खटला एकत्र चालवता येत नाही. फिर्याद एक, तपास एक, पण फाइली दोन. प्रौढ आरोपीच्या वकिलाला स्वतःच्या दोषारोपपत्राबरोबरच्या नकला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 खाली मिळतात. त्याला खरी गरज असते ती मंडळापुढे झालेल्या साक्षींची. तोच पंच, तोच प्रत्यक्षदर्शी मंडळापुढे आधी बोललेला असतो, आणि सत्र न्यायालयात त्याने काही वेगळं सांगितलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 148 खाली आधीच्या साक्षीशी विसंगती दाखवता येते. त्यासाठी आधीची साक्ष हवी.

रस्ता असा: सत्र न्यायालयात संहितेच्या कलम 94 खाली अर्ज करावा, आणि फक्त नाव घेतलेल्या साक्षीदारांच्या, अमुक तारखेच्या साक्षींची प्रत मागवावी. मुलाची ओळख सांगणारे तपशील झाकून प्रत द्यावी, असं स्वतःच लिहावं. सामाजिक तपासणी अहवाल किंवा मानसशास्त्रीय अहवाल मागू नये. तो मिळण्याची शक्यता नसल्यासारखीच, आणि तो मागितल्यामुळे साक्षींचा साधा अर्जही संशयाने पाहिला जातो. सरकार पक्षाकडे असलेले पण त्यांनी आधार न घेतलेले जबाब आणि कागद यांची यादीही मागावी. अशी यादी आरोपीला द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2021 मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सांगितलं आहे. यादी आली की मुलाच्या प्रकरणात वापरलेला एखादा जबाब प्रौढाच्या दोषारोपपत्रातून वगळला गेला आहे का, ते लगेच कळतं.

मुलाने मंडळापुढे काही कबूल केलं असेल, तर ते प्रौढावर वापरलं जाईल अशी भीती कुटुंबांना असते. सहआरोपीची कबुली दुसऱ्याविरुद्ध विचारात घेण्याची तरतूद साक्ष अधिनियमाच्या कलम 24 मध्ये आहे, पण ती एकत्र खटला चालणाऱ्यांसाठी. इथे एकत्र खटला कायद्यानेच बंद आहे.

अवघड प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा ते मूल प्रौढाच्या खटल्यात सरकारी साक्षीदार म्हणून उभं राहतं. स्वतःचं प्रकरण मंडळापुढे चालू असलेला मुलगा पोलिसांना हवं तसं बोलायला उद्युक्त होऊ शकतो, आणि बचावाला हेच दाखवायचं असतं. अमेरिकेत हा नेमका प्रश्न डेव्हिस विरुद्ध अलास्का या 1974 च्या निकालात सुटला. अँकरेजमधल्या एका बारची तिजोरी चोरीला गेली. मुख्य साक्षीदार स्वतः घरफोडीच्या प्रकरणात परिविक्षेवर असलेला अल्पवयीन मुलगा. खालच्या कोर्टाने त्याचं रेकॉर्ड गोपनीय म्हणून उलटतपासणीत आणू दिलं नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो निकाल फिरवला: साक्षीदाराचा पक्षपात उलटतपासणीतून दाखवण्याचा आरोपीचा हक्क या गोपनीयतेपेक्षा भारी. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्यातला तर्क आपल्या साक्ष अधिनियमात बसतो: साक्षीदाराच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न विचारता येतो, आणि त्याने नाकारल्यास कलम 156 च्या अपवादाखाली खंडनाचा पुरावाही देता येतो. फक्त प्रश्न 'तू गुन्हेगार आहेस' या थाटाचा नको. 'तुझं प्रकरण चालू आहे आणि त्यात पोलिसांचा अहवाल यायचा आहे, हे खरं ना?' एवढाच असावा. प्रेक्षक आणि पत्रकार बाहेर ठेवून तेवढा भाग बंद दालनात नोंदवावा, अशी विनंती बचावानेच करावी.

अमेरिकेतलाच 1987 चा पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध रिची हा निकाल पॉक्सोच्या प्रकरणांत बचाव करणाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. पीडित मुलीची बालसंरक्षण खात्याकडची फाइल आरोपीला हवी होती. कोर्टाने मधला मार्ग काढला: फाइल न्यायाधीश एकट्याने वाचतील आणि बचावाला खरोखर महत्त्वाचं असेल तेवढंच देतील, वकिलाला फाइल चाळायचा हक्क नाही. आपल्याकडे बाल कल्याण समितीपुढच्या पीडित मुलाच्या समुपदेशन नोंदींसाठी अशीच विनंती करणं सर्वांत शहाणपणाचं. कोणत्या तारखेची कोणती नोंद आणि ती का, हे सांगता आलं नाही तर अर्ज करूच नये. पीडित मुलाची फाइल उचकटायचा मोघम अर्ज न्यायाधीशांच्या डोक्यात बसतो तो खटला संपेपर्यंत.

पीडितासाठी कलम 99 (2) वेगळंच बोलतं: स्वतःच्या प्रकरणाचं रेकॉर्ड, आदेश आणि संबंधित कागद पीडिताला नाकारता येणार नाहीत. म्हणजे आरोपी मुलाला 'योग्य वाटल्यास' सारांश, आणि पीडिताला नकार नाही असा हक्क. दुसऱ्या पक्षाला जे कागद दिले गेले, ते मुलाच्या वकिलाला नाकारण्याचं कारण काय, हा प्रश्न अर्जात सरळ विचारता येतो.

कागद मिळाल्यावर जबाबदारी सुरू होते. कलम 74 प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील वर्तमानपत्र, दृकश्राव्य माध्यम किंवा संवादाच्या अन्य कोणत्याही प्रकारातून उघड करायला बंदी आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इंटरेस्टिंग ऑर्डर' म्हणून टाकलेला फोटो त्यात सहज येऊ शकतो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन आरोपीच्या जामिनाच्या अटींतला 300 शब्दांचा निबंध एका दिवसात देशभर पोचला. गोपनीयतेचं कुंपण कुठे गळतं आणि कुठे नको तितकं घट्ट असतं, ते यावरून दिसतं. हायकोर्टात जाताना याचिकेच्या शीर्षकात नावाऐवजी आद्याक्षरं घालावीत, अहवाल बंद पाकिटात जोडावेत, आणि ऑफिसातल्या स्कॅनरच्या मेमरीतली प्रतही पुसावी.

मूल मोठं होऊन पुन्हा एखाद्या प्रकरणात सापडलं, की पोलीस जामिनाला विरोध करताना 'पूर्वेतिहास' म्हणून मंडळापुढची जुनी नोंद जोडतात. बचावाच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी. कलम 24 प्रमाणे अशा दोषसिद्धीतून कोणतीही अपात्रता येत नाही. 16 वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवून दोषी धरलं, त्यालाच हे लागू नाही. कलम 74 (2) पोलिसांना चारित्र्य प्रमाणपत्रासाठी 'किंवा अन्यथा' अशी नोंद द्यायला मनाई करतं, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर ही मनाई चालू प्रकरणांनाही आहे. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने नोकरीच्या एका प्रकरणात हेच तत्त्व धरून बालवयातली नोंद उमेदवाराविरुद्ध वापरू दिली नाही.

रेकॉर्ड नष्ट व्हायला हवं, पण ते आपोआप होत नाही. कलम 24 (2) प्रमाणे मंडळाने पोलिसांना तसा आदेश द्यायचा असतो. आदर्श नियमांतला नियम 14 म्हणतो की दोषसिद्धीचं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा 7 वर्षांपर्यंत ठेवावं, त्याहून जास्त नाही. अंतिम आदेश होताना वकिलाने त्यातच ती ओळ घालून घ्यावी आणि आदेशाची प्रत संबंधित पोलीस ठाण्याला पोच घेऊन द्यावी, कारण मंडळाची फाइल नष्ट झाली तरी ठाण्याच्या नोंदवहीतली आणि संगणकावरची नोंद वेगळी असते. निर्दोष सुटलेल्या किंवा प्रकरण बंद झालेल्या मुलासाठी अंतिम आदेशाची एक खरी नक्कल मात्र काढून घरी ठेवायला सांगावं. दहा वर्षांनी पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार दारात आला आणि ठाण्याच्या संगणकावर जुनं नाव निघालं, तर मंडळाच्या दप्तरात दाखवायला काहीच उरलेलं नसतं. त्या वेळी हा एकच कागद कामी येतो.